हास्केलमध्ये आकडेमोड फास्ट कशी करायची: कापसाच्या काटा पावत्या घेऊन पायरीपायरीने

हास्केल शिकणाऱ्या आपल्याकडच्या पोरांची एक ठरलेली तक्रार असते, की भो, हाच लूप सी मध्ये चुटकीसरशी होतो आणि हास्केलमध्ये लावला की लॅपटॉपचा पंखा सुरू, मेमरी दोन-तीन जीबी गायब, मग ही फंक्शनल भाषा काय फक्त परीक्षेच्या पेपरात लिहायला आहे का. तर तसं नाहीये. दोन पूर्णांकांची बेरीज प्रोसेसरच्या एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये होते, सी असो नाहीतर हास्केल, ती इन्स्ट्रक्शन तीच. फरक पडतो तो दोन गोष्टींनी, एक म्हणजे आकडा उघडा न ठेवता खोक्यात भरून ठेवलेला असतो, आणि दुसरं म्हणजे बेरीज आत्ता न करता नंतरवर ढकललेली असते. या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा कंपायलरकडूनच काढून घेता येतात, स्वतः खालच्या लेव्हलचा कोड लिहायची गरज क्वचितच पडते, फक्त कंपायलरला काय हवंय ते माहीत पाहिजे आणि त्याने काम केलं की नाही ते तपासता आलं पाहिजे.

उदाहरण आपलंच घेऊ. जामनेर, चोपडा, धरणगाव, कुठल्याही जिनिंगवर दिवाळीनंतर जाऊन बघा, काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीची लाइन लागलेली असते. प्रत्येक गाडीची काटा पावती निघते: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, आणि भाव रुपये क्विंटलमागे. समजा अशा पावत्यांची फाइल आहे, एक कोटी ओळींची (एवढ्या गाड्या एका जिनिंगवर येत नाहीत हे मलाही माहितीये, पण टेस्टला मोठा आकडा बरा). एकूण किती पैसे द्यायचे आणि सरासरी गाडीमागे किती, एवढंच काढायचंय.

कोड इथे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना नेहमीसारखाच इंग्रजीत करा. कंपायलर म्हणजे जीएचसी, आणि सगळे हिशोब ६४ बिट मशीनचे.

आधी मोजायची सोय करा

जीएचसीआय मध्ये, म्हणजे एकेक ओळ टाइप करून लगेच चालवायच्या प्रॉम्प्टमध्ये, टाइम बघून "हास्केल स्लो आहे" म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही. तिथे टाइप केलेला कोड बाइटकोड म्हणून चालतो, ऑप्टिमायझेशन जवळपास शून्य, त्यामुळे तिथला टाइम काही कामाचा नाही. प्रोग्राम नीट कंपाइल करायचा, -ओ२ फ्लॅग लावून, आणि सोबत -आरटीएसऑप्ट्स द्यायचा, म्हणजे चालवताना +आरटीएस -एस देता येतं. ते दिलं की शेवटी एक रिपोर्ट छापला जातो.

त्यात बघायचे आकडे तीनच. हीपवर (प्रोग्राम चालताना लागेल तशी मेमरी घेतो तो भाग) एकूण किती बाइट्स ॲलोकेट झाले, मॅक्सिमम रेसिडेन्सी किती म्हणजे एका वेळी खरोखर जिवंत डेटा जास्तीत जास्त किती होता, आणि एकूण वेळेतला जीसीने (नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या भागाने) किती खाल्ला. नुसत्या आकड्यांचा लूप असेल आणि सगळं जमून आलं असेल तर पहिला आकडा काही किलोबाइटवरच थांबतो, लूप एक लाखवेळा फिरवा नाहीतर एक कोटी वेळा. तो आकडा लूपसोबत वाढायला लागला की समजायचं, आत कुठेतरी प्रत्येक फेरीला खोके भरले जाताहेत. टाइमपेक्षा मी या आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो, कारण तो परत परत चालवला तरी जवळपास तोच येतो. टाइमचं तसं नाही, मे महिन्यात भुसावळला दुपारी बेंचमार्क लावला की प्रोसेसर तापून स्वतःच स्पीड कमी करतो आणि सकाळचा कोड फास्ट, दुपारचा स्लो असा भलताच निष्कर्ष निघतो. टाइमच मोजायचा असेल तर क्रायटेरियन किंवा टेस्टी-बेंच लायब्ररी वापरा, आणि तुलना एकाच बैठकीत करा.

खोकं म्हणजे नेमकं काय

जीएचसीच्या लायब्ररीत इंट हा टाइप असा लिहिलेला आहे:

    डेटा इंट = आय# इंट#

उजवीकडचा इंट# हा खरा, मशीनचा ८ बाइटचा पूर्णांक, रजिस्टरमध्ये बसणारा. इंट हे त्याच्याभोवतीचं खोकं: ८ बाइट हेडर आणि ८ बाइट आकडा, असे १६ बाइट हीपवर, आणि जिथे हा इंट वापरला तिथे त्याच्याकडे बोट दाखवणारा ८ बाइटचा पॉइंटर वेगळा. म्हणजे सावद्याहून केळी पाठवताना प्रत्येक केळ वेगळ्या पेटीत घालून वर लेबल लावल्यासारखं, पेटीचं वजन केळाइतकंच.

आता दुसरी गोष्ट, थंक. हास्केल लेझी आहे, त्यामुळे पैसे + क्ष असं लिहिलं म्हणजे बेरीज झाली असं नाही, गरज लागेल तेव्हा कर अशी नोंद हीपवर होते. त्या नोंदीत ८ बाइट हेडर, ८ बाइट निकाल ठेवायला राखीव, आणि पैसे व क्ष यांचे दोन पॉइंटर, म्हणजे ३२ बाइट. एक कोटी ओळींचा हिशोब असा नोंदीवर नोंद चढवत गेला तर ३२ कोटी बाइट नुसत्या "नंतर करू" मध्ये गेले, वर प्रत्येक क्ष चं खोकं या नोंदींनी धरून ठेवलेलं ते वेगळंच, आणि जीसी कॉपी करणारा असल्यामुळे ऐन वेळी अजून तेवढीच जागा मागणार. दोन-तीन जीबी कुठे गेले ते आलं लक्षात?

हा प्रश्न जुनाच आहे. सायमन पेटन जोन्स आणि जॉन लाँचबरी यांनी १९९१ मध्येच यावर पेपर लिहिला, की उघडे आकडे भाषेत लपवून न ठेवता सरळ टाइप म्हणून आणायचे, मग खोकं उघडणं-भरणं हेसुद्धा साध्या कोडसारखं दिसतं आणि कंपायलर ते नेहमीच्या नियमांनी काढून टाकू शकतो. वरची डेटा इंट ची ओळ त्यातूनच आलेली आहे. इतर भाषांनी दुसरे मार्ग काढलेत, ओकॅमलमध्ये खोकं नाही पण शेवटचा एक बिट खुणेसाठी राखलेला, म्हणून तिथला पूर्णांक ६३ बिटचा. हास्केलमध्ये पूर्ण ६४ मिळतात, त्याची किंमत म्हणजे ही सगळी यातायात.

टाइप लिहा, कंपायलरवर सोडू नका

सगळ्यात स्वस्तातलं ऑप्टिमायझेशन हेच. कुठेच टाइप दिला नाही तर हास्केल पूर्णांकासाठी इंटीजर धरतो, इंट नाही. इंटीजर कितीही मोठा होऊ शकतो, त्यामुळे प्रत्येक बेरजेला आधी बघावं लागतं की दोन्ही आकडे छोटे आहेत का, निकाल मशीनच्या एका शब्दात, म्हणजे ८ बाइटमध्ये, मावतो का, नाही मावला तर मोठ्या आकड्याचं मशीन चालू करा. छोट्या आकड्यांना तो अगदीच हळू नाहीये, पण इंट च्या लूपसारखा रजिस्टरमध्ये राहत नाही.

हे गुपचूप शिरतं ते घातांकात. क्ष ^ २ लिहिलं, क्ष इंट आहे, पण तो २ कुठल्या टाइपचा? कोणी सांगितलंच नाही, म्हणून तो इंटीजर. -वॉल लावून कंपाइल केलं की अशा प्रत्येक ठिकाणी वॉर्निंग येते, ती वाचायची. वर्गच करायचा असेल तर सरळ क्ष * क्ष लिहा ना.

तसंच फंक्शनला टाइपची सही न देता सोडलं, किंवा मुद्दाम "कुठलाही नम (आकड्यांच्या टाइपचा गट) चालेल" अशी सही दिली, की बेरीज म्हणजे कुठली बेरीज हे फंक्शनला रनटाइमला एका डिक्शनरीतून कळतं, प्रत्येक + हा अनोळखी फंक्शनचा कॉल होतो आणि अनोळखी फंक्शनला आकडे खोक्यातच द्यावे लागतात. एकाच मॉड्यूलमध्ये असेल तर जीएचसी बऱ्याचदा इंट साठी वेगळी कॉपी काढून घेतो, पण मॉड्यूल बदललं की तुम्हालाच स्पेशलाइज किंवा इनलाइनेबल प्रॅग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) लिहावा लागतो. लायब्ररी लिहिणाऱ्याने हे विसरलं तर वापरणारा बिचारा सगळं नीट लिहूनही अडकतो. माझं मत विचाराल तर आतल्या लूपमध्ये पॉलिमॉर्फिक (कुठल्याही टाइपचे चालणारे) आकडे ठेवूच नका, इंट लिहा आणि मोकळे व्हा.

युनिट ठरवताना अर्धं काम होतं

पावती घेऊ. भरलेली ट्रॉली ५,८४० किलो, रिकामी ३,१२०, म्हणजे नेट २,७२० किलो, भाव ७,१५० रुपये क्विंटल. साहजिक पहिला विचार डबल चा, म्हणजे दशांश आकड्यांच्या टाइपचा येतो, २७.२ गुणिले ७१५०. डबल मध्ये ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पैशाला डबल वापरणारे वापरतातच. वर हास्केलचा राउंड अजून वेगळा आहे, बरोब्बर अर्ध्यावर आला की सम आकड्याकडे झुकतो: २.५ चे २ आणि ३.५ चे ४. मुनीमजींच्या वहीत २.५ चे ३ असतात, मग टोटल जुळत नाही आणि दोष कॉम्प्युटरला.

म्हणून पैशात पूर्णांक. भाव ७,१५,००० पैसे क्विंटल, गुणिले २,७२० किलो, भागिले १००, उत्तर १,९४,४८,००० पैसे म्हणजे १,९४,४८० रुपये. इथे कोणाला वाटतं की इंट३२ (३२ बिटचा पूर्णांक) वापरू, अर्धी मेमरी लागेल. मधला गुणाकार किती आला बघा, १,९४,४८,००,०००. इंट३२ ची हद्द २,१४,७४,८३,६४७. म्हणजे ही गाडी जेमतेम बसली. पुढची ट्रॉली ३,१०० किलोची आली की गुणाकार २,२१,६५,००,००० होतो, हद्द ओलांडतो, आणि कुठलीही एरर न येता ऋण २,०७,८४,६७,२९६ होऊन बसतो, शंभरने भागा, शेतकऱ्यानेच जिनिंगला दोन लाख सात हजार द्यायचे असा हिशोब निघतो. हास्केलचे ठरावीक मापाचे पूर्णांक ओव्हरफ्लोला गुपचूप गोल फिरतात, हे इंट लाही लागू आहे, फक्त त्याची हद्द पैशात मोजली तरी नऊशे वीस कोटी कोटी रुपयांच्या आसपास जाते, तिथपर्यंत आख्ख्या खान्देशचा कापूस पोचत नाही.

आणि मेमरी वाचत नाहीच मुळी. खोक्यातला इंट३२ सुद्धा १६ बाइटच खातो. फायदा होतो तो फक्त अनबॉक्स्ड, म्हणजे उघड्या आकड्यांच्या ॲरेत, तिथे खरंच ४ बाइट लागतात. तेव्हा ॲरेत साठवायला इंट३२ ठेवा, हिशोबाला इंट करून घ्या. नुसत्या टोटलला इंट३२ लावली तर वरच्याच २,७२० किलोच्या ट्रॉल्या धरल्या तरी ११० गाड्यांपर्यंत ठीक, १११ व्या गाडीला टोटल ऋण.

आता गंमत बघा. भाव रुपये प्रति शंभर किलो आहे आणि उत्तर हवंय पैशात, म्हणजे रुपयाचा शंभरावा भाग. दोन्ही शंभर एकमेकांना कापतात! किलो गुणिले रुपयातला भाव, हेच पैसे. २,७२० × ७,१५० = १,९४,४८,०००. भागाकार नाही, राउंडिंग नाही, मधला मोठा आकडा नाही. भाव पूर्ण रुपयात असतो तोवर हे चालतं आणि काट्यावर तो पूर्ण रुपयातच ठरतो. भागाकार हा पूर्णांकांच्या कामात सगळ्यात महाग, बेरीज एका सायकलमध्ये, गुणाकार साधारण तीन, आणि भागाकार प्रोसेसर किती जुना त्यावर दहापासून कित्येक दहांपर्यंत. तो लूपमधून काढून टाकला तर चांगलाच फायदा होतो.

बेरीज करत पुढे जाताना

इथे थोडं थांबून वाचा, कारण बहुतेक सगळी गळती इथेच होते.

नुसती टोटल हवी असेल तर फोल्डएल (लिस्टमधला एकेक आकडा घेऊन जमा करत नेणारं फंक्शन) ऐवजी फोल्डएल' वापरायचा, शेवटचं ते टिकलीसारखं चिन्ह महत्त्वाचं, त्याचा अर्थ प्रत्येक पावलाला जमलेली किंमत काढून मगच पुढे जा. जीएचसी ९.१० पासून तो प्रिल्यूडमध्येच (आपोआप इम्पोर्ट होणाऱ्या मॉड्यूलमध्ये) मिळतो, आधीच्या व्हर्जनला डेटा.लिस्ट मधून घ्यावा लागतो. -ओ लावलं असेल तर साधा फोल्डएल सुद्धा इंट च्या बेरजेला कंपायलर सुधारून घेतो, कारण त्याला कळतं की शेवटी टोटल लागणारच आहे. पण डीबग बिल्डमध्ये -ओ नसतो आणि मग तोच कोड अचानक फुगतो. चिन्ह लावायला पैसे पडत नाहीत, लावा.

आपल्याला टोटल आणि गाड्यांची संख्या दोन्ही हवंय. सगळे असं लिहितात:

    जमा :: [इंट] -> (इंट, इंट)
    जमा = फोल्डएल' पाऊल (०, ०)
      व्हेअर
        पाऊल (पैसे, गाड्या) क्ष = (पैसे + क्ष, गाड्या + १)

फोल्डएल' आहे, टाइप आहे, -ओ२ आहे, आणि तरीही मेमरी चढत जाते. का? कारण ते चिन्ह किंमत काढतं ती फक्त वरच्या थरापर्यंत. वरचा थर काय आहे, जोडी. जोडी तयार झाली की त्याचं काम संपलं, जोडीच्या आत पैसे + क्ष ही बेरीज झाली की नोंदच आहे ते तो बघतच नाही. म्हणजे एक कोटी फेऱ्यांनंतर हातात एक टुमदार जोडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना एक कोटी लांबीच्या थंकच्या दोन साखळ्या. किंमत लगेच काढायला लावणाऱ्या सेक फंक्शनचंही हेच, तोही पहिल्या थरावर थांबतो.

उपाय दोन. पहिला, बँग पॅटर्न चालू करून आतल्या दोन्हीवर उद्गारचिन्ह लावा:

        पाऊल (!पैसे, !गाड्या) क्ष = (पैसे + क्ष, गाड्या + १)

प्रत्येक पावलाला मागच्या पावलाच्या दोन्ही बेरजा पूर्ण होतात, मागे राहिली तर शेवटची एकच राहते. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण तो एकदा लिहिला की सगळीकडे लागू होतो आणि नंतर कोड हाताळणारा विसरू शकत नाही:

    डेटा बेरीज = बेरीज !इंट !इंट

उद्गारचिन्ह फील्डवरच. आता बेरीज तयार होतानाच दोन्ही आकडे पूर्ण काढलेले असणार, लेझीपणाला वावच नाही. वर -ओ असेल तर छोटी स्ट्रिक्ट फील्ड जीएचसी आपोआप खोक्यातून काढून थेट आत ठेवतो. साध्या जोडीला जोडीचे २४ बाइट आणि दोन इंट चे ३२, असे ५६ लागले असते, इथे एकूण २४. आणि हा बेरीज लूपच्या आतच तयार होऊन आतच उघडला जात असेल तर कंपायलर तो बनवतच नाही, दोन्ही आकडे दोन रजिस्टरमध्ये फिरत राहतात, ॲलोकेशन शून्य.

हाच दगाफटका अजून तीन-चार ठिकाणी वाट बघत असतो. मॉडिफाय-आयओरेफ (बदलत्या खणातली किंमत बदलणारं फंक्शन) लेझी आहे, त्याचा टिकलीवाला भाऊ वापरा. स्टेट मोनॅडच्या स्ट्रिक्ट नावाच्या मॉड्यूलमधलं स्ट्रिक्ट हे स्टेटमधल्या आकड्यासाठी नाहीये, तिथेही मॉडिफाय' च पाहिजे. गावाप्रमाणे टोटल ठेवायला मॅप वापरत असाल तर डेटा.मॅप.स्ट्रिक्ट घ्या, नुसता डेटा.मॅप घेतला की प्रत्येक गावाच्या नावापुढे साखळी वाढत जाते आणि ती फुटते ती रिपोर्ट छापताना, म्हणजे दोष छापणाऱ्या फंक्शनचा वाटतो.

पावत्या कुठे ठेवायच्या

लिस्टमध्ये एक इंट ठेवायला लिस्टच्या कडीचे २४ बाइट आणि इंट चे १६, असे ४० जातात. एक कोटी वजनांना ४० कोटी बाइट. डेटा.व्हेक्टर.अनबॉक्स्ड मध्ये तेच ८ कोटी, सलग, आणि सलग असल्यामुळे कॅशमध्ये नीट बसतात. साधा व्हेक्टर घेतला तर पॉइंटर धरून २४ कोटी, कारण त्यात आकडे खोक्यातच. तीन आकड्यांची पावती त्रिकूट म्हणून अनबॉक्स्ड व्हेक्टरमध्ये टाकली तर तो आतून तीन वेगळे सलग ॲरे करून ठेवतो, आपल्याला काही करावं लागत नाही.

पण लिस्ट नेहमी वाईट असं नाही हां. एक पासून कोटीपर्यंतची लिस्ट करून लगेच बेरीज केली तर फ्यूजनमुळे (लिस्ट करणं आणि बेरीज ही दोन्ही कामं कंपायलर एकत्र करतो) ती लिस्ट जन्मालाच येत नाही, सरळ लूप होतो. लिस्टला नाव देऊन दोन ठिकाणी वापरली, एकदा बेरजेला आणि एकदा लांबी मोजायला, की ती पूर्णच्या पूर्ण मेमरीत उभी राहते. म्हणून वर दोन्ही एकाच फेरीत काढलं.

फाइल वाचताना स्ट्रिंग आणि रीड वापरत असाल तर आकडेमोडीचं ऑप्टिमायझेशन आधी बाजूला ठेवा. स्ट्रिंग ही अक्षरांची लिस्ट, एका अक्षराला कमीत कमी २४ बाइट, आणि रीड तर फारच दमाने चालतो. बाइटस्ट्रिंगच्या चार८ मॉड्यूलमधला रीडइंट घ्या, तो इंट आणि उरलेला मजकूर परत देतो, आकडा नसेल तर नथिंग, म्हणजे काहीच नाही. बऱ्याच "स्लो हिशोबां"चं दुखणं एवढ्यातच बरं होतं.

भागाकार लागलाच तर

पूर्णांकाच्या भागाकाराला हास्केलमध्ये दोन जोड्या आहेत, क्वॉट-रेम आणि डिव्ह-मॉड. धन आकड्यांना दोन्ही सारखंच उत्तर देतात. समजा ओलाव्याची कट अडीच टक्के धरायची, म्हणजे किलो गुणिले २५ भागिले १०००, आणि काट्यावरच्या पोराने भरलेलं-रिकामं उलट टाइप केलं म्हणून नेट आलं ऋण २,७१०. गुणाकार ऋण ६७,७५०. क्वॉट देणार ऋण ६७, डिव्ह देणार ऋण ६८, कारण क्वॉट शून्याकडे कापतो आणि डिव्ह नेहमी खालच्या बाजूला. प्रोसेसरची इन्स्ट्रक्शन क्वॉटसारखी वागते, डिव्हला वरून चिन्हाची दुरुस्ती करावी लागते, म्हणून आकडे ऋण होणारच नाहीत अशी खात्री असेल तिथे क्वॉट. भागाकार आणि बाकी दोन्ही हवे असतील तर क्वॉटरेम एकदाच बोलवा. पैशाचे रुपये-पैसे वेगळे करायला नेमकं तेच लागतं.

आणि फ्रॉम-इंटिग्रल बद्दल एकच: तो रुंद टाइपमधून अरुंद टाइपमध्ये नेताना गुपचूप कापतो. ३०० चा वर्ड८ (० ते २५५ एवढंच मावणारा टाइप) केला की ४४.

कंपायलरने ऐकलं का ते बघा

फ्लॅग द्यायचा -डी-डम्प-सिम्पल, सोबत -डी-सप्रेस-ऑल आणि -डी-डम्प-टू-फाइल, म्हणजे कोअर नावाची मधली भाषा वाचण्यासारखी होऊन फाइलमध्ये पडते. पहिल्यांदा बघितलं की घाबरायला होतं, सगळं वाचायचं नसतंच. आपल्या लूपचं नाव शोधा. त्याच्यासारखंच पण सुरुवातीला डॉलर-डब्ल्यू असलेलं नाव दिसलं तर आनंद माना, तो वर्कर: कंपायलरला कळलंय की हे फंक्शन आकडा नक्की वापरणार आहे, म्हणून त्याने उघडे आकडे घेणारा वर्कर काढला आणि मूळ नावाचा फक्त खोकं उघडणारा पातळ रॅपर ठेवला.

मग वर्करच्या आत तीन गोष्टी बघायच्या. बेरजा +# अशा दिसतात का, म्हणजे उघड्या आकड्यांवर. स्वतःलाच परत बोलवताना आय# दिसतो का, दिसला तर प्रत्येक फेरीला खोकं भरलं जातंय. आणि लेट ने बांधलेली एखादी बेरीज आहे का, कोअरमध्ये साध्या इंट चा लेट म्हणजे बहुतेक थंकच. यातलं काही सापडलं तर वर जाऊन कुठे उद्गारचिन्ह राहिलं, कुठे डिक्शनरी शिरली ते शोधा. एक नेहमीचं कारण सांगतो, लूपच्या एखाद्या फांदीत आकडा वापरलाच जात नाही, उदाहरणार्थ पावती खराब असेल तर लूपमधूनच नथिंग देऊन बाहेर पडायचं, मग कंपायलर म्हणतो आकडा लागेलच असं नाही, आणि लेझी ठेवतो. तिथे बँग लावला की मिटलं.

हाताने हॅश (#) लिहायचा झालाच तर

वरचं सगळं केल्यावर हे लागत नाही, पण एकदा लिहून बघायला हरकत नाही, आत काय चालतं ते कळतं. मॅजिकहॅश एक्स्टेन्शन चालू करा, जीएचसी.एक्स्ट्स इम्पोर्ट करा:

    जा :: इंट# -> इंट# -> इंट#
    जा जमा न = केस न ऑफ
      ०# -> जमा
      _  -> जा (जमा +# न) (न -# १#)

आकड्यामागे एक हॅश म्हणजे इंट#, पूर्णांकामागे दोन म्हणजे वर्ड#, दशांशामागे दोन म्हणजे डबल#. तुलना केली तर उत्तर ट्रू-फॉल्स येत नाही, ० किंवा १ असा इंट# च येतो, त्याला इझट्रू# मधून काढावं लागतं. उघडा आकडा लेझी असूच शकत नाही, त्यामुळे इथला लेट लगेच काम करतो. लिस्टमध्ये, मेबीमध्ये तो घालता येत नाही कारण त्या सगळ्यांना पॉइंटर लागतो, आणि फाइलच्या वरच्या लेव्हलला असा आकडा नाव देऊन ठेवताही येत नाही. एकापेक्षा जास्त उत्तरं परत करायला अनबॉक्स्ड टपल आहे, कंसाच्या आत हॅश लावून लिहितात.

याचा खरा उपयोग मला एकाच ठिकाणी दिसतो, ओव्हरफ्लो पकडायला. ॲडइंटसी# हे ऑपरेशन बेरीज आणि "हद्द ओलांडली का" असे दोन आकडे एकदम देतं. त्याच्यावर साध्या इंट चं एक फंक्शन घालायचं, ओलांडली तर एरर, नाहीतर आय# लावून उत्तर. ते इनलाइन झालं की आय# पुन्हा गळून पडतो आणि तपासणी जवळजवळ फुकटात पडते.

फक्त क्वॉटइंट# पासून सांभाळून. साध्या क्वॉटमध्ये शून्याने भागलं की हास्केलची एक्सेप्शन येते, ती पकडता येते, ओळ नंबर सांगता येतो. हॅशवाल्यात ती तपासणीच नाही, शून्य आलं की बऱ्याच मशीनवर आख्खा प्रोग्राम जागच्या जागी मरतो, आणि गाड्यांची संख्या शून्य असलेला दिवस म्हणजे पोळ्याची सुट्टी असली तरी सरासरी काढायचा रिपोर्ट चालतोच. म्हणून हॅशवाली फंक्शन्स मॉड्यूलच्या बाहेर एक्सपोर्ट करू नका, बाहेर फक्त इंट घेणारं आणि भाजक तपासणारं फंक्शन जाऊ द्या.